गुरुवारचं पान

महारेराचा एजंट नंबर हातात आला तेव्हा माझी समजूत अशी होती की आता घरं दाखवायची आणि विकायची. २० तासांचं प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, दहा हजार रुपये फी भरली, 'ए'ने सुरू होणारा नंबर कार्डावर छापून आला. बारा वर्षं एका कारखान्याचे हिशेब लिहिल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षी मी या धंद्यात पाऊल टाकत होते. सिंहगड रस्त्यावर ज्या काकांच्या ऑफिसात मला टेबल मिळालं, ते तीस वर्षं घरांच्या खरेदी-विक्रीत आहेत. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "लिहिता येतं का?"

"काय लिहायचं?"

"घरांबद्दल. रोज ढिगाने जाहिराती येतात माणसाच्या फोनवर, तो एकही वाचत नाही. पण त्याला अडलेलं काही सांगितलंस तर थांबेल. आठवड्याला एक पान. फोनवर पाठव, छापून सोसायट्यांच्या बोर्डावर लाव, अर्थात सेक्रेटरीला विचारून. गुरुवारी बस लिहायला. गुरुवारी इकडे पाणी नाही तर वीज बंद असते, साइट बघायला फारसं कुणी येत नाही."

मी होय म्हटलं आणि त्या दिवसापासून पार गोंधळून गेले. धंद्यातल्या चार लोकांना विचारलं. एक जण म्हणाला, रोज लिहा, नाहीतर लोक विसरतात. दुसरा म्हणाला, रोज लिहिलंत तर नंबर ब्लॉक करतील. एकीने सांगितलं, किंमत कधीही लिहू नका, निदान किंमत विचारायला तरी फोन येतो. तिच्याच ऑफिसातल्या मुलाचं म्हणणं, किंमत दिसली नाही तर आता कुणी फोनच करत नाही. थोडक्यात लिहा. सविस्तर लिहा. मराठीत लिहा, इकडची जुनी कुटुंबं वाचतील. इंग्रजीत लिहा, आयटीतली पोरं येतील. वहीची दोन पानं अशी भरली, आणि पहिलं वाक्य कसं लिहायचं ते त्यातून निघेना.

शेवटी मी इतर लिहितात तसंच लिहिलं. माझ्याकडे विकायला घर एकच होतं. धायरीत, २००९ च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या आजी. यजमान गेल्यावर एकटीने राहणं त्यांना झेपेना, मुलाकडे नाशिकला जायचं ठरलेलं. मी लिहिलं की सिंहगडाच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात, ९२५ फुटांचं प्रशस्त घर, मुबलक पाणी, सगळ्या सोयी हाकेच्या अंतरावर. ओळखीच्या आणि काकांच्या यादीतल्या मिळून दीडशे जणांना पाठवलं. तीन दिवसांत एक फोन आला.

"ताई, मुबलक पाणी लिहिलंय. म्हणजे कॉर्पोरेशनचं, बोअरचं की टँकरचं?"

मला माहीत नव्हतं. "बघून सांगते" एवढंच म्हणता आलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "लिहायच्या आधी बघायचं होतं ना, ताई." रागाने बोलला असता तर मी कदाचित विसरले असते. तो दमलेल्या आवाजात बोलला. आठ महिने दर रविवारी बायकोला घेऊन तो घरं बघत होता, आणि त्या आठ महिन्यांत 'मुबलक पाणी' त्याने किती वेळा वाचलं असेल, हे मला त्या आवाजातून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी धायरीच्या त्या सोसायटीत गेले. वॉचमनने मला खालची टाकी दाखवली, झाकण उचलून बॅटरी मारून पाणी किती ते दाखवलं. कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड, सकाळी दीड तास. एक बोअर, त्याचं पाणी फक्त फ्लशला आणि झाडांना. एप्रिल-मेमध्ये टँकर. धायरी महापालिकेत आली २०१७ मध्ये, शेजारचं नऱ्हे २०२१ मध्ये. गाव हद्दीत आलं की लोकांना वाटतं पाणीही आलं, पण कागदावर हद्द सरकते त्या वेगाने जमिनीखालून पाइप सरकत नाहीत. म्हणून या पट्ट्यात एका सोसायटीला पुरेसं पाणी आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीला टँकर, असं चित्र दिसतं. हे बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला कुठून कळणार? त्याला ते आपणच सांगायला हवं.

त्या गुरुवारी मी माझं पहिलं खरं पान लिहिलं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टाकी किती लिटरची, टँकर कोणत्या महिन्यांत, मेंटेनन्स २,२०० आणि उन्हाळ्यात टँकरचे वेगळे सहा-सातशे. संध्याकाळपर्यंत नऊ फोन आले. आणि दहावा आला आजींच्या मुलाचा.

"तुम्ही आमच्या बाजूच्या आहात की गिऱ्हाइकाच्या? स्वतःच टँकर-टँकर लिहिताय. भाव पडला तर जबाबदार कोण?"

त्याचं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. घर त्याच्या आईचं होतं आणि मी त्यांना न विचारता लिहिलं होतं, ती चूक माझीच. मी धायरीला आजींकडे गेले, माफी मागितली, पान पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. म्हणाल्या, "हे सगळं खरंच आहे की. पाण्याचं लपवून विकलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती पोर बादल्या भरत बसली, तर तिचा तळतळाट मला लागेल. लिही तू. पण विचारून लिही." तेव्हापासून पान छापायला जाण्याआधी मालकाला वाचून दाखवते. काही जण नको म्हणतात. मग त्या घराबद्दल मी लिहीत नाही, पण गोड करूनही लिहीत नाही.

त्याच दिवशी आजींनी मला दुसरी गोष्ट दिली. मी म्हटलं, "आजी, घर ९२५ फूटच ना?" त्या म्हणाल्या, "हे तसंच म्हणायचे. मोजलं कुणी?"

त्यांच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून करारनामा निघाला. त्यात कार्पेट क्षेत्रफळ लिहिलं होतं ६१.३२ चौरस मीटर. गुणिले १०.७६४, म्हणजे ६६० फूट. बाकीचे २६५ फूट जिना, लिफ्ट, पॅसेज, भिंती असं सगळं मिळून वर चढवलेलं लोडिंग. पूर्वी घरं अशीच विकली जायची, त्यामुळे यजमान खोटं बोलत नव्हते. त्यांना जो आकडा सांगितला गेला तोच त्यांनी पंधरा वर्षं सांगितला. आता रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या पक्की आहे. घराच्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. नव्या प्रकल्पात विक्री याच क्षेत्रफळावर होते. पण रीसेलच्या घरात अजून जुनेच आकडे तोंडावर असतात, आणि गिऱ्हाईक ६६० फुटांचं नवं घर आणि '९२५ फुटांचं' जुनं घर समोरासमोर ठेवून जुनं मोठं समजतं. दोन्ही एकाच मापाची असतात.

मी टेप काढली. आजींनी एक टोक धरलं. गुडघे दुखत असूनही त्यांनी खाली बसून टोक कोपऱ्यात घट्ट टेकवलं, म्हणाल्या, "सैल धरलं की इंच खोटा येतो." मोठी बेडरूम, जिला सगळे दहा बाय दहा म्हणत होते, ती भरली नऊ फूट दहा इंच बाय दहा फूट दोन इंच. मी वहीत पलंग काढला, सहा बाय साडेसहा. त्याच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला कपाट, खोली दोन फूट. दहा फूट दोन इंचांतून साडेसहा गेले, दोन गेले, उरले एक फूट आठ इंच. म्हणजे कपाटाचं दार उघडतं, पण उघडलेल्या दारासमोर माणसाला उभं राहता येत नाही. आजी म्हणाल्या, "म्हणून तर आमचं कपाट पहिल्यापासून हॉलमध्ये आहे."

हे मी जसंच्या तसं लिहिलं. एवढं साधं काही लिहिण्याजोगं असतं असं मला तोवर वाटलंच नव्हतं. पण त्या पानाने मला गिऱ्हाइकं दिली. लोक येताना आपल्या पलंगाचं माप लिहून आणायला लागले. एका बाईंनी शिलाई मशीनचं माप आणलं होतं, खिडकीखाली बसतं का ते बघायला.

मग काकांनी सांगितलं की फोनवर लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेव, पुढचं पान तिथूनच येईल. वहीत जमा झालं ते असं. "ओसी आहे ना?" "टू-व्हीलर सावलीत लागते का?" "लिफ्टला बॅकअप आहे का, सासूबाईंचे गुडघे गेलेत." "अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायला लागत नाही ना?" शेवटचा प्रश्न तर एका महिन्यात सहा घरमालकांनी विचारला. मलाही तसंच वाटत होतं. काकांच्या कपाटातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढून कलम ५५ वाचलं. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्याकडे शिकलेली, निवृत्त, सरळ माणसंही वर्षानुवर्षं नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेतात, आणि हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती येते ती मी पाहिली आहे. त्यांना घाबरवायचं नसतं. पुढचा करार ऑनलाइन नोंदवा, घरबसल्या होतो, एवढं सांगितलं की पुरतं.

एकदा एका नव्या प्रकल्पाची आकर्षक जाहिरात मला आली आणि मी ती दोन ओळी जोडून पुढे पाठवणार होते. काकांनी फोनवर हात ठेवला. "यात महारेराचा नंबर कुठे आहे? क्यूआर कोड कुठे आहे?" नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटाने हात लावायचा नाही, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. जाहिरातीवर क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, हेही. पण पाठ केलेलं आणि बोट सेंडवर असताना आठवणारं, यात फार अंतर असतं. आता नव्या प्रकल्पाबद्दल लिहायच्या आधी मी 'पी'ने सुरू होणारा नंबर टाकून नोंदणीची माहिती उघडते आणि बांधकाम पूर्ण करण्याची जी तारीख बिल्डरने तिथे दिली आहे ती लिहिते. 'लवकरच ताबा' हे शब्द माझ्या पानात येत नाहीत.

आता ज्या पानाबद्दल सांगायचं ते.

पाण्याबद्दल विचारणारे ते गृहस्थ बायकोला घेऊन आजींचं घर बघायला आले. पलंगाचं माप आणलं होतं. टाकीचं झाकणही त्यांनी उघडून पाहिलं. घर आवडलं, ५२ लाखांवर बोलणं आलं. आणि जिन्यात थांबून बायकोने हळू आवाजात विचारलं, "ताई, ५२ म्हणजे हातात नक्की किती लागतील?" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायची लाज वाटते. हिशेब हा माझा जुना विषय. त्या गुरुवारी मी पान लिहिलं, '५२ लाखांच्या घराला हातात किती?'

बँकेने ८० टक्के दिले तर कर्ज ४१ लाख ६० हजार, स्वतःचे १० लाख ४० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ६४ हजार. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त तिच्यावर बसतं आणि बँक ते कर्जात धरत नाही. नोंदणी फी ३० हजार. झाले १४ लाख ३४ हजार. वर सोसायटीची ट्रान्सफर फी, जी २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि वकिलाची, बँकेची फी. किंमत ५० लाखांच्या पुढे म्हणून खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा, पण तो विकणाऱ्याच्या रकमेतून, जास्तीचा नाही. आणि शेवटी मी एक ओळ लिहिली. 'घर महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत.'

ते पान सगळ्यांत जास्त वाचलं गेलं. बारा सोसायट्यांच्या बोर्डांवर लागलं. लोकांनी त्याचे फोटो काढून भावा-बहिणींना पाठवले.

रजिस्ट्रेशनच्या चार दिवस आधी वकिलांचा फोन आला. "तुमची पार्टी मला ६ टक्क्यांचं चलन म्हणतेय. खरेदीदार नवरा-बायको दोघं आहेत. सवलत कशी मिळेल?" १ एप्रिल २०२१ पासूनची ही सवलत राहत्या घराला आहे, आणि सगळे खरेदीदार महिला असतील तरच. एकही पुरुष नावात असला की नाही. मी कुणाकडून तरी ऐकलेलं अर्धं वाक्य लिहिलं होतं. पाण्यासाठी टाकीत डोकावून बघितलं, मापासाठी टेप लावली, आणि हे मात्र न बघता लिहिलं, कारण आकड्यांच्या बाबतीत माझा स्वतःवर विश्वास होता.

५२ हजार कमी पडत होते. त्या दोघांनी पै-पै जुळवून हिशेब केला होता, माझं पान फ्रिजवर चिकटवून. ते ऑफिसात आले तेव्हा गृहस्थ म्हणाले, "मग माझं नाव काढा, हिच्या एकटीच्या नावावर करू." बायको म्हणाली, "का? हप्ता दोघांच्या पगारातून जाणार, नावंही दोघांची राहतील." तिने भिशी आधी उचलायचं ठरवलं. भिशीतल्या बायकांपैकी एकीचा नंबर होता, तिला फोन करून विनंती केली, आमच्यासमोर. ती विनंती ऐकणं मला फार जड गेलं.

माझी ब्रोकरेज एक टक्का, म्हणजे तेवढीच, ५२ हजार. मी म्हटलं, ती मला नको. माझं पहिलं घर होतं ते. काका मध्ये पडले नाहीत. पुढच्या महिन्यात त्या गृहस्थांनी निम्मे पैसे पाठवले आणि सोबत लिहिलं, "पाणी एक दिवसाआडच येतं. तुम्ही लिहिलं तसं." मी ते घेतले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ते दोघं गेल्यावर मी आधी दीडशे जणांना दुरुस्ती पाठवली. 'मागच्या गुरुवारी मी लिहिलेली सवलतीची ओळ अपुरी आणि म्हणून चुकीची होती', एवढ्या स्पष्ट शब्दांत. धंद्यातल्या एकीने लगेच कळवलं, अशी कबुली देऊ नका, गुपचूप पान बदला, लोकांचा विश्वास उडतो. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याने जुनं पान वाचून हिशेब मांडलाय त्याला गुपचूप बदललेलं पान कसं सापडणार?

फोनवरचं पोचलं. बोर्डावरचं मात्र जाऊन काढायला हवं होतं. पाऊस होता. मी गाडी काढली, नवी छापलेली पानं प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि एकेका सोसायटीत जाऊन जुनं काढून नवं लावत गेले. आनंदनगर, हिंगणे, वडगाव. बाराव्या ठिकाणी पोचायला साडेआठ वाजले. गेटच्या आत ट्यूबलाइटखाली एक वयस्कर गृहस्थ बोर्डासमोर उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पेन, आणि भिंतीला टेकवून लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते माझं जुनं पान उतरवून घेत होते.

"काका," मी म्हटलं, "हे मी लिहिलंय. यातली शेवटची ओळ चुकली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मुलगी आणि जावयासाठी बघतोय. दोघांच्या नावावर. मग खरं काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, उतरवलेली ओळ खोडली आणि तिच्याखाली नवीन लिहायला घेतली, एकेक शब्द मोठ्याने म्हणत. सगळे खरेदीदार महिला असतील तरच. मग पेन परत टेकवून त्यांनी 'तरच'खाली रेघ ओढली.